बटनांचा फोन आणि तीन अक्षरं

मी तिसरीत असताना आमचा बैल मेला. आई-बाप तेव्हा कारखान्यावर होते, ऊस तोडायला, आणि मी गावाकडं मावशीपाशी. दिवाळी झाली की गाव रिकामं होणार आणि उन्हाळ्यात परत भरणार, हे मला थंडी-पावसासारखंच वाटायचं. कोपीतलं, म्हणजे पाचटाच्या झोपडीतलं राहणं, पहाटेच्या गारठ्यात फडात उतरणं, मोळ्या वाहून आखडलेली मान, हे सगळं आई तक्रार म्हणून सांगायची नाही. बैलाचं मात्र ती तक्रार म्हणूनच सांगायची. भरली गाडी उतारावरून नेताना बैल पडला तो उठलाच नाही. चारदाती बैल. ज्याला बैलातलं कळतं त्याला चारदाती म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कळत नाही त्याच्यासाठी सांगते, ऐन उमेदीतला, नुकता गाडीला लागलेला. त्याचा विमा होता. एक माणूस आला, त्यानं कागद भरला, बापाचा अंगठा घेतला आणि गेला. भरपाई आली नाही. उरलेला हंगाम दोघांनी दुसऱ्याच्या गाडीसाठी डोक्यावर मोळ्या वाहून काढला.

त्या कागदाची नक्कल पत्र्याच्या पेटीत होती. दहावीला गेल्यावर मी ती काढून वाचली. कागद इंग्रजीत होता. त्यात लिहिलं होतं की बैल म्हातारा आणि अशक्त होता, आणि हे मालकाचं स्वतःचं म्हणणं आहे. खाली बापाचा अंगठा. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा बाप हाताची नखं बघत बसला. मग म्हणाला, "चारदाती व्हता."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बीएस्सी ॲग्री. हे मी मान खाली घालून सांगत नाही, कारण ती पदवी मला कुणी ओटीत घातली नव्हती. कॉलेज चालू असतानाच मी केजला टायपिंगचा क्लास लावला, मराठी तीस आणि मग मराठी चाळीस. सर बोर्डावर कापड टाकायचे आणि आम्ही न बघता टाइप करायचो. डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली क, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली र आणि मधल्या बोटाखाली काना. आजही मला झोपेतून उठवून विचारलं की काना कुठं आहे, तर मी तोंडानं सांगायच्या आधी बोट हलवीन.

नोकरी लागली ती पीक नुकसानीची पाहणी करणाऱ्या एका एजन्सीत, हंगामाच्या करारावर. विमा कंपनी वर कुठंतरी, एजन्सी मधे, आणि खाली आम्ही. केजला खताच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांचं ऑफिस. काम सोपं सांगायचं तर असं: शेतकरी तक्रार करतो की पीक गेलं, आम्ही त्याच्या रानात जातो, बघतो, फोटो काढतो, फोनमध्ये पंचनामा भरतो आणि त्यावर शेतकऱ्याची सही घेतो. आम्ही तिघं होतो. एक मी. दुसरा गेवराईकडचा, दांडगा माणूस, ज्याला प्रत्येक गोष्ट आधीच माहीत असायची. तिसरा बीडच्या एका गॅरेजवाल्या मिस्तरीचा मुलगा, तोंडानं तिखट आणि कामाला पक्का. आमच्या वर एक साहेब. ते इंग्रजी शाळेत शिकलेले होते आणि हे दिवसातून एकदा तरी आम्हाला कळेल अशी व्यवस्था करायचे.

काचेच्या फोनवर पंचनामा भरणं म्हणजे काय हे ज्यानं भर उन्हात सोयाबीनच्या सरीत उभं राहून केलंय त्यालाच ठाऊक. काच तापते, दिसत काही नाही, बोटाला घाम असतो आणि 'ळ' शोधायला तीन पानं उलटावी लागतात. मग कुणीतरी सांगतं, बोलून लिहा ना, फोन ऐकतो. ऐकतो, पण पुण्याचं ऐकतो. एकदा एका म्हाताऱ्याचं म्हणणं मी तसंच बोलून लिहायला गेले. म्हातारा म्हणाला होता, "शेंगा भरल्याच न्हाईत." फोननं लिहिलं, 'शेगाव भरलाच नाही.' मिस्तरीच्या मुलानं ते वाचलं आणि पुढं आठ दिवस रोज सकाळी मला विचारत होता की शेगाव आज तरी भरलं का.

म्हणून बटनांच्या फोनची बातमी आली तेव्हा सगळ्यांत जास्त वाट मीच पाहिली. हे मी कबूल करते, कारण नंतर त्या फोनवर मी जितकी चिडले तितकं कुणी चिडलं नाही.

बातमी साहेबांनीच आणली. मीटिंगमध्ये त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. नवा फोन, वर काच आणि खाली खरीखुरी, उठावाची बटनं. बिझनेस फोन म्हणतात याला, ते म्हणाले. मोठ्या कंपन्यांतले लोक वापरतात, कामाची माणसं, टाइमपास करणारी नव्हेत. एजन्सी प्रत्येकाला एक देणार आहे. गेवराईकडच्यानं लगेच सांगून टाकलं की असले फोन पूर्वी येऊन गेलेत, त्याच्या मेव्हण्याकडं होता. मिस्तरीच्या मुलानं विचारलं की बिझनेस म्हणजे नेमका कुणाचा, कारण आपला बिझनेस तर लोकांची वाळलेली रानं बघत फिरायचा आहे. साहेब त्याच्याकडं बघून म्हणाले, "तुझा प्रॉब्लेम हाच आहे."

पुढचे दोन महिने ऑफिसात त्या फोनशिवाय विषय नव्हता. बटनं किती असतील, पाण्यानं खराब होतील का, मातीनं अडकतील का. चहाच्या टपरीवर गेवराईकडचा पैज लावायचा की बटनं सहा महिन्यांत पुसट होतील. मला ते दोघंही चिडवायचे. मॅडमची शिलाई मशीन येतेय म्हणायचे, आता पायानं चालवायची का हातानं ते तेवढं बघा म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे. मनात म्हणायचे, येऊ द्या, मग बघू कोण चाळीसच्या वेगानं लिहितं ते.

एक शंका मात्र होती. बटनांवर अक्षरं कुठली असतील? मिस्तरीचा मुलगा मला त्याच्या चाचाकडं घेऊन गेला. चाचांचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं खोपटं आहे, आणि तिथं एका खणात जुन्या काळचे बटनवाले फोन उघडे पडलेले असतात. मी विचारलं, बटनांवर मराठी अक्षरं बसवता येतील का. चाचांनी डोळ्याला लावलेली भिंगाची कांडी काढली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, बटनां तो पैंतीस. अक्षरां कित्ते तुमारे?" मी मोजायला लागले, तर म्हणाले, मोजू नको, मात्रा धरून बटनावर मुंगीएवढं लिहावं लागेल आणि मग ते वाचायला माझी ही कांडी लागेल. वर आणखी सांगितलं की ते बटन एवढं बारीक असतं की दहा बोटं त्यावर मावतच नाहीत. दोन अंगठ्यांनीच चालवायचं.

मला ते लागलं. आमच्या घरातलं अंगठ्याचं काम माझ्यापाशी संपलं होतं. आणि आता एवढं शिकून, क्लास लावून, परत अंगठाच.

खरा घाव मात्र पुढं होता. फोन यायच्या आधीच साहेबांनी हुकूम काढला. नव्या फोनवर बटनं इंग्रजी आहेत, तेव्हा पंचनामा मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत लिहायचा. आणि फोन आल्यावर गोंधळ नको म्हणून त्याची सवय आजपासून करायची. मी विचारलं, फोनमध्ये देवनागरीची सोय तर असते. ते म्हणाले, असते, पण वरच्या ऑफिसात सगळे पंचनामे ज्या तक्त्यात गोळा होतात त्यात मराठी अक्षरांचे नुसते चौकोन दिसतात. मी म्हटलं, मग तो तक्ता दुरुस्त करायला पाहिजे. साहेब म्हणाले, "तुम्ही रात्रंदिवस व्हॉट्सॲपवर असंच लिहिता ना? तिथं कुणाला त्रास होत नाही."

मी म्हटलं, "व्हॉट्सॲपवर कुणी सही घेत नाही, साहेब."

त्यांनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. हुकूम राहिला. आणि मी तो पाळला. इथं मी स्वतःला सोडणार नाही. पाळला, कारण करार दर हंगामाला नवा होतो आणि नवा करायचा की नाही हे त्यांच्या हातात होतं.

श्रावणात पावसानं मोठा खंड दिला. युसूफ वडगावच्या अलीकडं एका बाईचं दीड एकर सोयाबीन, तिथं मी पाहणीला गेले. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. नवरा पुण्याकडं कामाला, रान तीच बघायची. जमिनीला अशा भेगा की त्यात हात जाईल. पानं गुंडाळलेली, वरची फुलं गळलेली. पण रान असं स्वच्छ की मी तसं त्या आठवड्यात दुसरं पाहिलं नव्हतं. दोन सऱ्यांच्या मधे काडी नाही. तिनं दोनदा खुरपलं होतं, एकटीनं. मी तसं म्हटलं तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली की पाऊस आपल्या हातात न्हाई, खुरपं तरी हाय.

मी पंचनामा भरला. इंग्रजी अक्षरांत. ताण खूप, पाने वाळली. पिकाला पाणी कमी पडलं की आम्ही त्याला ताण म्हणतो. तिनं फोनकडं पाहिलं आणि म्हणाली, "मी सातवी हाय, मराठी येतं वाचाया. हे काय लिवलंय?" मी म्हटलं, मराठीच आहे, अक्षरं तेवढी इंग्रजी आहेत. आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमी वाचलं म्हंजे बरोबरच. आणि काचेवर बोटानं सही केली, सावकाश, आडनावासकट. त्या दाव्यावर तिचा पुढचा पेरा अवलंबून होता, हे तिनं मला सांगितलं होतं. बियाणं त्यातूनच घ्यायचं होतं.

महिन्याभरानं ती ऑफिसात आली. बाजाराचा दिवस होता. हातात पिशवी. माझ्याकडं न बघता आधी साहेबांच्या टेबलाकडं गेली, मग मला पाहिलं आणि वळली.

"ताई, तुमी आलता ना माझ्या रानात?"

"आले होते."

"मंग तण कुठं व्हतं ते दावा मला."

मला काही कळेना. तिनं फोन पुढं केला. मेसेज आला होता, चांगल्या देवनागरीत: शेतात तणांचा प्रादुर्भाव, मशागतीकडे दुर्लक्ष, दावा अमान्य. नकार कळवायला त्यांच्याकडं देवनागरी होती.

ज्याचा शेतीशी संबंध नाही त्याला यातला डाग कळायचा नाही. रानात तण म्हणजे घरात केर. दावा गेला हे एक, पण एकटी बाई रान करते आणि रानात तण माजलंय असं विमावाल्यांनी लेखी दिलं, हे गावात पसरायला वेळ लागला नाही. मेसेज तिनं दुकानात एकाला वाचायला दिला होता, खात्री करायला. त्यानं मोठ्यानं वाचला. तेव्हापासून पारावरची माणसं तिला विचारत होती की कावून गं, यंदा रानातलं केन्याचं तण विकायला काढते का, आमाला बी एक पेंढी ठेव. तिनं हे सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही. पिशवीतून खुरपं काढलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पातं झिजून बोटाएवढं उरलं होतं.

"ह्ये दोन सालांत झिजलंय," ती म्हणाली. "तण न काढता झिजलं का? इचारा तुमच्या कंपनीला."

साहेब म्हणाले, निर्णय वरून आलेला आहे. गेवराईकडचा म्हणाला की लोकं असंच म्हणतात. मी तेवढ्यात माझा पंचनामा उघडला होता. टी, ए, एन. मी ताण लिहिला होता. वर बसलेल्या कुणीतरी तण वाचलं होतं. मधे एक काना होता, जो माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली असतो आणि जो मी लिहिला नव्हता, कारण त्या लिपीत तो लिहायची वेगळी जागाच नव्हती.

बैलाच्या विम्याच्या त्या माणसानं माझ्या बापाचा अंगठा जसा घेतला होता, तशीच मी हिची सही घेतली होती. फरक इतकाच की मी गोड बोलून घेतली.

मी तिला तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं. तण तुमचं नाही, चूक माझी आहे, मी लिहिलेलं चुकीचं वाचलं गेलं, आणि मी ते दुरुस्त करून घेईन. तिनं आभार वगैरे काही मानले नाहीत, आणि मानायचं कारणही नव्हतं. म्हणाली, "तुमी शिकलेल्या हाय. आमी इस्वास ठेवला." खुरपं पिशवीत टाकलं आणि जिना उतरून गेली.

ती गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. शेतकऱ्यासमोर चूक कबूल करायची नसते हे पहिलं. फाइल बंद झालेली आहे हे दुसरं. आणि मी लेखी चूक कबूल केली तर पुढच्या कराराचं ते काही सांगू शकत नाहीत, हे तिसरं. मग समजुतीचा आव आणून म्हणाले, "प्रश्न भाषेचा नाहीच. तू डबल ए लिहायला पाहिजे होतास."

चिडले की ते मला 'होतास' म्हणायचे, पुरुषासारखं.

"डबल ए लिहायचा असं कुठल्या कागदावर आहे?" मी विचारलं.

"कॉमन सेन्स आहे."

"मग तुमच्या हुकमातल्या नमुन्यात 'पाने' आहे, ते पी-ए-एन-ई आहे. त्यात डबल ए नाही. तुम्हीच लिहिलंय."

त्यांनी हुकूम उघडून पाहिला. मग मला बाहेर जायला सांगितलं.

त्या दिवशी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं. देवनागरीत, दहा बोटांनी. चूक माझ्या पंचनाम्यात झाली हे स्पष्ट लिहिलं. रानाचे सहा फोटो जोडले, ज्यांत भेगा दिसतात आणि तण दिसत नाही. फेरपाहणी मागितली. आणि शेवटी लिहिलं की ज्या कागदावर शेतकरी सही करतो तो त्याला वाचता येईल अशा अक्षरांत असला पाहिजे. ईमेलमध्ये चौकोन दिसतील म्हणून छापून पोस्टानंही पाठवलं. गेवराईकडचा म्हणाला की एका बाईच्या सोयाबीनपायी मॅडमनी आपली भाकर घालवली. मिस्तरीच्या मुलानं पत्र वाचलं आणि खाली स्वतःची सही केली. त्याचाही करार हंगामाचाच होता.

दहा-बारा दिवसांनी वरच्या ऑफिसातून एका माणसाचा फोन आला. माझा पंचनामा वाचणारा तोच. बोलायला वाईट नव्हता, थकलेला होता. म्हणाला, माझ्या पंचनाम्याच्या आधी त्यानं दिवसभर तणाचेच पंचनामे वाचले होते, मग माझाही तण वाटला, त्यात त्याचं काय चुकलं. मी म्हटलं, तुमचं नाही चुकलं, तुम्हाला वाचायला जे दिलं ते चुकलं. तो म्हणाला, हे तुम्ही मोठ्या साहेबांना सांगा, ते फोन वाटायला तिकडं येणारच आहेत.

आणि आले. ज्याची दोन महिने वाट पाहिली तो फोन असा आला. मोठे साहेब गाडीतून उतरले, मागं खोकी. आमच्या साहेबांनी हार आणला होता, पेढे आणले होते. टेबलावर चार खोकी मांडली. मोठ्या साहेबांनी एक फोन काढून हातात धरला आणि सांगायला लागले की आता काम कसं वेगानं होईल. बटनं काळी, चकचकीत, डाळिंबाच्या दाण्याएवढी. प्रत्येकावर इंग्रजी अक्षर. मला तो फोन पाहून जो राग आला तो त्या यंत्राचा नव्हता हे आज कळतं, पण त्या दिवशी यंत्राचाच होता. तो खिडकीतून खाली खताच्या गोण्यांवर टाकावासा वाटला.

त्यांचं बोलून झाल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, एक ओळ सांगते, तुम्ही या नव्या फोनवर लिहून बघा. आमचे साहेब मधे बोलणार होते, पण मोठे साहेब हसले आणि म्हणाले, सांगा. मी सांगितलं: ताण जास्त, पाने खाली. त्यांनी दोन अंगठ्यांनी लिहिलं. चांगलं लिहिलं, भराभर. गेवराईकडचा तेव्हा खाली पेढ्यांचा दुसरा पुडा आणायला गेला होता. तो वर आला तेव्हा मी म्हटलं, फोन यांना द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा.

त्याला वाटलं, फोन पहिल्यांदा त्यालाच मिळतोय. छाती काढून त्यानं वाचलं, "तण जास्त, पाने खाल्ली."

मी मोठ्या साहेबांकडं वळले. मी म्हटलं, "तुम्ही लिहिलं की पिकाला पाणी नाही आणि पानं माना टाकून बसलीत. यांनी वाचलं की शेतकरी आळशी आहे आणि रानात अळी आहे. मधे फक्त हा फोन होता."

मिस्तरीचा मुलगा मागून हळूच म्हणाला की आमच्या साहेबांचं आडनावही इंग्रजीतून दोन प्रकारे वाचता येतं. ते आडनाव मी इथं लिहीत नाही. त्यातला दुसरा प्रकार मोठ्या साहेबांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि तो आल्यावर त्यांनी पेढा तोंडात टाकला, म्हणजे हसू दिसू नये. आमच्या साहेबांचा चेहरा मी मुद्दाम पाहिला. मला त्यात आनंद झाला. झाला तो झाला.

मग मोठ्या साहेबांनी गंभीर होऊन त्या बाईची फाइल मागितली. मी फोटो दाखवले. एकेक फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. विचारलं, तुम्ही लेखी चूक कबूल केलीत, भीती वाटली नाही? मी म्हटलं, वाटली. ते म्हणाले, चौकोनांचं काय करायचं ते आमचे कॉम्प्युटरवाले बघतील, ते काही अशक्य नाही. मी विचारलं, मग आधी का नाही बघितलं? त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. आमचे साहेब म्हणाले की मॅडमना बोलायची पद्धत नाही. मी म्हटलं, लिहायची आहे. मग सगळ्यांना चहा आला आणि विषय बंद झाला.

फेरपाहणीला मोठ्या साहेबांनी बीडहून दुसरा माणूस पाठवला. ती बाई बांधावर उभी राहिली आणि त्याला सगळ्या सऱ्यांतून चालवत फिरवलं, एक सरी सुद्धा सोडू दिली नाही, असं त्यानंच मला नंतर सांगितलं. त्यानं कंटाळून पुरे म्हटलं तर ती म्हणाली होती, "तुमी न बघता लिवताव, म्हून बघा म्हणते."

आमच्या साहेबांनी माझ्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलणं ठेवलं. माझा करार त्यांनी वाढवायचा नाही म्हणून शिफारस केली होती, हे मला मिस्तरीच्या मुलाकडून कळलं. वरून तो वाढून आला. बटनांचा फोन मी घेतला, वापरते. त्याची बटनं छान आहेत, आवाज नेमका येतो, आणि मला तो अजून आवडत नाही. वरच्या तक्त्यात आता मराठी अक्षरं दिसतात, म्हणून फोनवर आम्ही इंग्रजी बटन दाबून मराठी अक्षर निवडतो. वेळ लागतो. साहेब म्हणतात, वेग गेला. जाऊ दे.

त्या बाईचा दावा मंजूर झाला, आणि आधीच्या मेसेजमधलं तणाचं कारण चुकीचं होतं असं तिला लेखी कळवलं गेलं. आमच्या तालुक्यातला प्रत्येक पंचनामा आता देवनागरीत लिहिला जातो, आणि शेतकरी आधी तो वाचतो, मग सही करतो.